रविवारचा मॅप

१

चार नंबरचा पिस्टन कडेला फुटला होता. क्षिप्रा वैशंपायनने तो फडक्याने पुसून उजेडात धरला, तेव्हा वरच्या दोन रिंगांमधला धातूचा काठ बोटभर तुटून गेलेला दिसला आणि माथ्यावर बारीक बारीक खड्डे दिसले. शीळफाट्याच्या त्या भंगार यार्डात पत्र्याखाली जीव नकोसा होत होता. तिच्या शेजारी विश्राम परब तासभर उभे होते. गाडी त्यांच्या मुलाची होती. मुलगा सर्वेश, वय एकतीस, तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी इथून जवळच अपघातात गेला होता.

मुंब्रा बायपासच्या चढावर गाडीचा दम गेला, मागून निळा धूर आला. सर्वेशने ती कशीबशी कडेला घेतली आणि बॉनेट उघडायला उतरला. मागून येणाऱ्या ट्रेलरवाल्याला तो दिसलाच नाही. तो ड्रायव्हर पळाला नव्हता, जागीच बसून रडत राहिला होता, आणि त्याच्याबद्दल परबांची काही तक्रार नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता: धडधाकट गाडी बंद पडलीच कशी?

मोडक्या गाड्या विमा कंपन्यांसाठी तपासून देणं हा क्षिप्राचा वीस वर्षांचा धंदा होता. नौपाड्यात दोन खोल्यांचं ऑफिस, कामात कुणाचं न ऐकणारी बाई. एक खोड मात्र होती. निष्कर्ष ती कधीच कुणाला तोंडावर सांगत नसे. अहवाल लिहायचा, टपालात टाकायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. माणसांचे चेहरे बघायची तिला भीती वाटे आणि ती तसं मोकळेपणाने कबूलही करी.

परब एका जुन्या टायरवर टेकले. माणूस ठेंगणा. एसटीत भरती होताना उंची जेमतेम भरली आणि चौतीस वर्षं पाठीमागे उशी घेऊन स्टिअरिंग धरलं, हे ते स्वतःच हसत सांगत असत. आता हसू कुठलं.

“ताई, एक सांगतो,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं गाडी चालवली. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची तर कशी? काच पुसलेली, हवा बघितलेली, टाकी फुल, ब्रेक तपासलेला. सकाळच्या ड्रायव्हरने डबल बेल मिळाली की निघायचं, बस. माझ्या हातून कुणाला कधी वाईट गाडी गेली नाय. आणि माझ्या पोराला त्या प्रीतमने ही अशी दिली.”

प्रीतम हा सर्वेशचा शाळेपासूनचा मित्र. डोंबिवली एमआयडीसीत त्याचं गॅरेज होतं आणि ट्यूनिंग हे त्याचं काम, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून गाडीची ताकद वाढवायची. आपल्या मुलाच्या गाडीवर असलं काही केलंय हे परबांना कळलं ते दहाव्याला, घाटावर, कुणाच्या तरी कुजबुजण्यातून.

“सोमवारी पोलिसात तक्रार देणार. वकील म्हणाला, तुमचा कागद लागेल.”

क्षिप्राने पिस्टन फडक्यात गुंडाळला. “काका, दिसतं तेवढंच सांगते, हा आपोआप फुटलेला नाही. त्याला आतून ठोकून ठोकून फोडलंय.”

“म्हणजे मारलाच ना त्याने,” परब म्हणाले.

२

प्रीतमच्या शटरवर कुणीतरी लाल रंगाने ‘खुनी’ लिहिलं होतं आणि कुणीतरी, बहुतेक प्रीतमनेच, ते पुसायचा अर्धवट प्रयत्न केला होता. आत हा सहा फुटी धिप्पाड गडी एका स्टुलावर अंग चोरून बसला होता. तीन आठवड्यांत एकही गाडी आली नव्हती.

“सुरुवातीला तीन आठवडे मी आणि सर्वेश नुसता मॅप निवडत होतो, मॅडम,” तो म्हणाला. “मॅप म्हणजे आकड्यांची फाईल. कधी किती पेट्रोल, कधी ठिणगी, टर्बोची हवा किती. सर्व्याची गाडी रोजची होती. कळवा ते ऐरोली, सिग्नल, खड्डे, ट्रॅफिक. मी म्हटलं, भाई, तुला आकडा मोठा नको, तुला खालून दम पाहिजे. एसी चालू असताना गाडीने झटके द्यायला नकोत, क्लच जळायला नको. त्याला पटलेलं. तो प्रत्येक गोष्टीचं एक्सेल शीट करायचा. टूथब्रश घेताना पण केलेलं, आईशपथ.”

“मग?”

“मग आमच्या गाडीवाल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं चिडवायला लागली. शेवटी मी दोन मॅप भरून दिले. एक रोजचा, साध्या पेट्रोलवर बिनधास्त. दुसरा रविवारचा, खोपोलीला मिसळ खायला जायचे ना हे लोक, त्यासाठी. तो फक्त शंभर ऑक्टेनच्या, म्हणजे जास्त दाब सोसणाऱ्या महाग पेट्रोलवर.”

“आणि रविवारचा मॅप साध्या पेट्रोलवर लावला तर?”

प्रीतमने हातांकडे बघितलं. “पेट्रोल वेळेआधी पेटतं. आत हातोडे बसतात. चढावर दामटली तर काही मिनिटांत पिस्टन जाईल. हे त्याला दहादा सांगितलेलं. टाकी रिझर्व्हवर आणायची, शंभर फुल करायचं, मगच स्टिअरिंगच्या बटणाने मॅप बदलायचा. पेट्रोलच्या झाकणाला लावायला लाल स्टिकर दिलेलं. ‘फक्त १००’.”

क्षिप्राने पिशवीतून ते स्टिकर काढून टेबलावर ठेवलं. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलं होतं, मागचा कागदही न सोलता. प्रीतम त्याच्याकडे बघत राहिला.

“का नाही लावलंस रे,” तो स्टिकरलाच म्हणाला.

गाडीचा कॉम्प्युटर क्षिप्राने सोबत आणला होता. प्रीतमने तो जोडला. अपघाताच्या वेळी रविवारचा मॅप चालू होता. प्रीतमच्या कपाळावर घाम आला.

“सर्व्या साध्या पेट्रोलवर हा लावणार नाही. आणि शंभर असेल तर पिस्टन फुटणार नाही. मॅडम, माझी फाईल कुणीतरी बदललीय. ग्रुपमधल्या नयनकडे केबल आहे, लॅपटॉप आहे. त्याला कायम जास्त पाहिजे असतं.”

३

नयन कल्याणला खडकपाड्यात राहायचा. उंच, सडपातळ, बोलताना समोरच्याकडे न बघणारा मुलगा. त्याने लॅपटॉप न मागता पुढे केला.

“मीच चिडवायचो त्याला,” तो म्हणाला. “ग्रुपवर टाकायचो, तुझी गाडी दळण आणायला मस्त आहे. तो हसायचा. मला वाटायचं हसतोय तर चालतंय. मी त्याच्या गाडीला हात नाही लावला, मॅडम. तोंड चालवलं फक्त.”

खरं-खोटं त्याच्या बोलण्यावर ठेवायची क्षिप्राला गरज नव्हती. प्रीतमने गॅरेजमध्ये ठेवलेली मूळ फाईल आणि गाडीतली फाईल तिने एका तिसऱ्याच माणसाकडून ताडून घेतली. आकड्याला आकडा जुळला. फाईल कुणी बदलली नव्हती. नयन सुटला, आणि प्रीतमचा बचाव मात्र गेला.

राहिलं पेट्रोल. टाकीतून काढलेली बाटली तिने ऑफिसच्या टेबलावर ठेवली. साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, शंभरवाल्यात नसतं. मापाच्या नळीत थोडं पाणी घातलं, वर पेट्रोल ओतलं, बूच लावून हलवलं आणि नळी खिडकीत ठेवली. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा पाण्याचा थर फुगतो. शाळेतला प्रयोग म्हणावा इतका सोपा. चहा संपेपर्यंत थर चांगला तिप्पट झाला होता.

टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती आणि भरलेली होती ती साध्या पेट्रोलने.

क्षिप्राने एकेक पायरी मांडून बघितली. टूथब्रशचं एक्सेल शीट करणाऱ्या माणसाने टाकी रिझर्व्हवर आणली, हे ठीक. मग टाकी भरली गेली. मग त्याने रविवारचा मॅप लावला. म्हणजे टाकीत शंभरच आहे याची त्याला खात्री होती. स्वतः भरलं असतं तर चूक झाली नसती. तेव्हा भरणारा दुसराच कुणीतरी होता, आणि सर्वेशचा त्या माणसावर विश्वास होता. असा विश्वास माणूस घराबाहेर फारसा टाकत नाही. हे लक्षात आल्यावर तिने फाईलमधून परबांच्या घरचा पत्ता काढला.

४

कळव्याच्या घरी दार संचिताने उघडलं. सर्वेशची बायको, जेमतेम पाच फूट उंचीची, डोळे सुजून लाल झालेले. परब वकिलाकडे गेले होते. क्षिप्राला तेच हवं होतं.

“शनिवारी पेट्रोल कुणी भरलं?” तिने सरळ विचारलं.

“सर्वेशने.” मग थांबून संचिता म्हणाली, “म्हणजे मला तसं वाटलं.”

“बघितलंत?”

“नाही. आमचा अबोला होता. त्या रविवारच्या मॅपवरूनच. मी म्हटलेलं, रोजचा निवडलास तो पुरे, आता आपल्याला मूल हवंय, हे खेळ बंद कर. चार दिवस बोललो नव्हतो. अबोला असला की आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचो. शनिवारी सकाळी त्याने चिठ्ठी लावली, संध्याकाळी घोडबंदरच्या पंपावरून शंभर भरून आणशील का. आणि दुपारी मित्राकडे गेला, स्कूटर घेऊन.”

“तुम्ही गेलात?”

“सहाला खाली गेले. गाडी चालू केली तर काटा फुल. मला वाटलं, ही काय आणणार नाही असं समजून मित्राकडे जाण्याआधी स्वतःच भरून आला. राग आला. वर आले, चिठ्ठी काढून फाडून टाकली.”

चिठ्ठी निघालेली दिसली की सर्वेशने काय समजायचं? काम झालं. क्षिप्राने डोळे क्षणभर मिटले.

“संचिता, गाडीत बसलात तेव्हा सीट पुढे ओढावी लागली?”

“सीट?” तिने आठवून बघितलं. “नाही. नेहमी ओढावी लागते, सर्वेश सहा फूट. त्या दिवशी बरोबर होती. मी लक्ष नाही दिलं.”

“आणि ते लाल स्टिकर त्याने का लावलं नाही?”

“बाबांना दिसू नये म्हणून. ट्यूनिंगचं त्यांना सांगितलंच नव्हतं. ते फार काळजी करतात.”

“रविवारी निघताना सर्वेश काही बोलला?”

“नाही,” संचिता म्हणाली, आणि फार पटकन म्हणाली.

क्षिप्रा उठली. जिन्यात आल्यावर ती थांबली. सर्वेशच्या आधी गाडी चालवणारा माणूस ठेंगणा होता. प्रीतम नाही, नयन नाही. संचिताने सीट हलवलीच नव्हती. त्या माणसाला चावी कुठे असते ते ठाऊक होतं आणि शंभर ऑक्टेनचं काही ठाऊक नव्हतं, कारण ते त्याच्यापासूनच लपवलेलं होतं. आणि गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची तर टाकी फुल करून द्यायची, ही त्याची चौतीस वर्षांची रीत होती.

सकाळी सर्वेश खाली आला, काटा फुल, सीट पुढे ओढलेली. बायकोने भरून आणलं, अबोला संपत आला, असंच त्याला वाटलं असणार. बटण दाबून तो निघाला.

अहवाल लिहून टपालात टाकावा, असं तिला फार वाटलं. ‘साधं पेट्रोल, भरणारा अज्ञात.’ प्रीतम वाचला असता आणि तिला कुणाचा चेहरा बघावा लागला नसता. पण ते पत्र परब एकटेच बसून वाचणार होते, ‘साधं पेट्रोल’ या दोन शब्दांपाशी थांबणार होते, आणि तेव्हा शेजारी कुणीच असणार नव्हतं.

ती परत वर गेली आणि बेल वाजवली.

५

परब आले तेव्हा हातात वकिलाने टाईप करून दिलेली तक्रार होती. क्षिप्राला बघून ते लगबगीने समोर बसले.

“सापडलं काही, ताई?”

“काका, शनिवारी दुपारी गाडी तुम्ही नेली होतीत?”

“हो मग.” त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुलला, आणि ते तिला सर्वांत असह्य झालं. “संचिता झोपलेली, हा बाहेर गेलेला. आदल्या दिवशी तो पार्किंगला लावत होता तेव्हा रिझर्व्हचा दिवा बघितलेला मी. म्हटलं, सकाळी पोरगा लांब जाणार, पंपावर लायनीत कशाला उभा राहील? हुकावरची चावी घेतली, नाक्यावरच्या पंपावर नेली, फुल केली. हवा बघितली. काच पुसली. जिथल्या तिथे आणून लावली.”

“सांगितलं नाहीत त्याला?”

“काय सांगायचं त्यात? डेपोत गाडी भरून लावतो तेव्हा सकाळच्या ड्रायव्हरला कोण सांगायला जातं.”

क्षिप्राने आयुष्यात पहिल्यांदा निष्कर्ष तोंडाने सांगितला. नीट सांगितला, दोन मॅप, दोन पेट्रोलं, आतले हातोडे, काही न गाळता. गाळलं असतं तर ते त्यांनीच विचारून काढलं असतं. प्रीतमची फाईल बरोबर होती हे सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं. मुलाने ट्यूनिंग त्यांच्यापासून लपवलं होतं आणि त्यांना ते कळायला कुठलाही मार्ग नव्हता, हेही सांगितलं. दोनदा सांगितलं.

परब ऐकत होते.  मग म्हणाले, “म्हणजे मी.”

भिंतीला टेकून उभी असलेली संचिता हळूच खाली बसली. तिने फोन काढला आणि हाताच्या मुठीत धरून ठेवला.

“मी ताईंना खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “त्याचा मेसेज आलेला. निघाल्यावर, सिग्नलवरून. ‘टाकीबद्दल थँक्स. आता तरी बोल.’ मी तर भरलीच नव्हती. मला वाटलं टोमणा मारतोय. मी उत्तर दिलं नाही.” तिने सासऱ्यांकडे बघितलं. “एक शब्द लिहिला असता, कसले थँक्स म्हणून, तर त्याने गाडी थांबवली असती. बाबा, ते थँक्स तुमचे होते.”

परबांनी फोनसाठी हात पुढे केला. चष्मा नव्हता, अक्षरं दिसेनात. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, “वाच परत.” तिने वाचलं. त्यांनी अजून एकदा वाचायला सांगितलं, तेव्हा तिला वाचता आलं नाही. क्षिप्राने वाचून दाखवलं. वाचताना तिने मान वर करून त्या दोघांचे चेहरे बघितले, कारण वीस वर्षं चुकवलेलं तेच काम आता तिचं होतं.

६

सोमवारी परब चौकीत गेलेच. क्षिप्रा सोबत होती. सकाळी ती आधी डोंबिवलीला जाऊन आली होती. प्रीतमला तिने अहवाल हातात दिला, तर त्याने पहिल्या पानाच्या पुढे वाचलं नाही. “काकांना कोण बघतंय?” एवढंच त्याने विचारलं होतं.

चौकीतले हवालदार चांगले निघाले. परबांना त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अहवाल सगळा वाचला.

“मग त्या प्रीतमविरुद्ध काही द्यायचं नाही ना तुम्हाला?”

“नाय. त्याचं काय चुकलं नाय.” परबांनी घरून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजेरी लावली होती. “माझ्याविरुद्ध लिहा. विश्राम दगडू परब, राहणार कळवा. माझ्या हातून पोरगा गेला.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “काका, पेट्रोल भरणं हा गुन्हा नाही. मी कुठल्या कलमाखाली लिहू? कलमच नाही.”

“शोधा. असेल एखादं.”

“नाही हो.”

“एसटीत साधा आरसा फुटला तरी चौकशी लागायची,” परब म्हणाले. “चार दिवस बिनपगारी करायचे. मग परत ड्युटीवर घ्यायचे. इथे काहीच नाय?”

“नाही.”

“मग मी कुठे जाऊ?”

हवालदारांनी समोरचे कागद उगाचच सारखे केले. गाडीचं काय मोडलं, कशाने मोडलं, कधी मोडलं, एवढंच सांगणं क्षिप्राचं काम होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. परब तसेच बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नाव पुकारलं जायची वाट बघत असल्यासारखे.

संचिता दारात उभी होती. काल संध्याकाळपासून ती सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. ती टिटवाळ्याला आईकडे जायला निघाली होती, बॅग पायाशी होती, आणि चौकी वाटेवर पडते म्हणून फक्त आली होती. परत कधी येणार, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायचा धीर कुणाला झाला नव्हता. अबोला कसा धरायचा हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याची किंमत काय पडते, हे त्या चौकीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

ती आत आली. खुर्चीसमोर थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “घरी चला. अजून स्वयंपाक व्हायचाय.”

परबांनी वर बघितलं. तिच्या तोंडाकडे ते खूप वेळ बघत राहिले, ऐकलं ते खरंच तिने म्हटलं का याची खात्री करून घेत असावेत. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले, दाराशी गेले आणि खाली वाकून तिची बॅग उचलली. बॅग जड होती. संचिताने दुसरा बंद धरला आणि दोघं रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.